उतरतीच्या गोळ्या

शिमोग्याकडच्या कानमने गावात आता सुपारी सोलायचं यंत्र आलं आहे. हेगड्यांच्या अंगणात ते दिवसभर धडधडतं आणि दोन माणसं त्याच्या तोंडात हिरव्या सुपाऱ्या ओतत बसतात. कन्नम्मा कधी तिकडून गेली तर घटकाभर थांबते. याच अंगणात पूर्वी बाया रांगेनं पाटावर बसायच्या, पाटाला खोचलेल्या वाकड्या सुरीवर सुपारी फिरवायच्या, आणि सुरीपेक्षा त्यांची तोंडं जास्त चालायची. सुपारीच्या चिकानं बोटं काळी व्हायची ती शिमगा आला तरी उजळायची नाहीत. तसल्याच काळ्या बोटांनी कन्नम्मानं एक अख्खा हंगाम आपल्या लेकीला भरवलं. वरदा तेव्हा दहा वर्षांची होती.

सुरुवात झाली ती भूमी हुण्णिमेच्या तोंडावर. आश्विनातल्या त्या पुनवेला भात पोटरीला आलेलं असतं. शेत गर्भार, म्हणून त्याचं डोहाळजेवण घेऊन जायचं. जेवणाची टोपली बायकांनी आधी लाल मातीनं सारवायची, वाळली की तांदूळ वाटलेल्या पांढऱ्या पाण्यानं तिच्यावर नक्षी काढायची. कुंचला अंबाडीच्या धाग्याचा, केसासारख्या बारीक रेघा काढणारा. कन्नम्मासारख्या दीवर जातीच्या घरात हे काम सासूकडून सुनेकडे, आईकडून लेकीकडे येतं. वरदाचा हात आईपेक्षा सरस होता. सासू बंगारम्मा तर आल्यागेल्याला सांगायची, "सुनेनं काढलेली माशी ओळखावी लागते. नातीनं काढलेली हाकलावी लागते."

त्या दिवशी वरदा ओसरीवर टोपली मांडीत घेऊन बसली होती. कन्नम्मा आतून विळी मागायला आली आणि बघते तर टोपलीवर कोंबडीनं उकरल्यासारख्या रेघा.

"हे काय गं? झोपेत काढतेस?"

"हात जातोय, अव्वा."

"कुठं जातोय?"

"जातोय." वरदानं पुन्हा कुंचला टेकवला. रेघ सरळ निघाली, आणि मध्येच खांद्यातून कुणी धक्का द्यावा तसा हात उडाला. कुंचला टोपलीवरून गालावर गेला. कन्नम्माला हसू आलं. वरदा मात्र हसली नाही. तिला रडू कोसळलं, आणि ते रडणं दिवे लागले तरी थांबेना.

पुढं पुढं घरात भांडं पडलं नाही असा दिवस जाईना. पाण्याचा तांब्या पडे, गंजीचा, म्हणजे पेजेचा, वाडगा पडे. तांदळाचं वाटण पडलं त्या दिवशी कन्नम्मानं तिच्या पाठीत धपाटा घातला. पोरीनं मार खाल्ला, आणि मार खातानाच तिचे ओठ वेडेवाकडे झाले, एक भुवई वर गेली, जीभ बाहेर येऊन आत गेली. कन्नम्माला वाटलं, वाकुल्या दाखवतेय. दुसरा धपाटा त्याबद्दल बसला.

शाळेतल्या मास्तरांनाही तसंच वाटलं. ते पाढे घेत होते आणि ही समोर बसून तोंडं करत होती. त्यांनी तिला दाराबाहेर उभं केलं. बाहेर तिला उभंही राहवेना. पाय नाचायचे, खांदे उडायचे. पोरं खिडकीतून बघून खिदळायला लागली. मास्तरांनी पाटी घरी पाठवून दिली. सांगावा आला, पोरीला शिस्त लावा आणि मग शाळेत पाठवा. त्या पाटीवरचं अक्षर बघून बाप चौडप्पानं पाटी भिंतीकडं तोंड करून ठेवली. त्याला स्वतःला वाचता येत नव्हतं, पण अक्षर कसं असतं एवढं कळत होतं.

चौडप्पा सुपारीच्या झाडांवर चढणारा गडी. पायांत दोरीचा वेढा अडकवून सरसर शेंड्याला जायचा, घोस कापून दोरावरून खाली सोडायचा. मग झाड हलवत हलवत शेजारच्या झाडाचा शेंडा धरायचा आणि जमिनीवर पाय न टेकवता बागेच्या त्या टोकाला निघायचा. हेगडे मालक म्हणायचे, चौडप्पाला माकडानं नवस करून पाठवलंय. दिवाळीनंतर हंगाम लागला की बाप झाडावर आणि आई सोलणीला, असं त्यांचं घर चालायचं.

त्या वर्षी सोलणी लागली तेव्हा कन्नम्मा वरदाला बरोबर नेऊ लागली, कारण घरी ती चुलीत हात घालील अशी भीती वाटायची. दुसऱ्याच दिवशी मालकीणबाईंनी बायांसाठी चहा पाठवला. वरदाला कुणी सांगितलं नव्हतं, तरी ती हौसेनं परात उचलायला गेली. कप, बशा, चहा, सगळं सोललेल्या सुपारीच्या ढिगावर. सगळ्यांचे हात थांबले. मालकीणबाई दारात आल्या. ओरडल्या नाहीत. नुसत्या म्हणाल्या, "कन्नम्मा, उद्यापासून तू फाटकाजवळ बैस. पोरीला आत आणू नकोस. घरात सून बाळंत व्हायचीय, अंगावरचं काही तरी इकडं नको."

अंगावरचं काही तरी. शब्द उच्चारला गेला आणि गावात सुटला. बंगारम्माला तर तो आधीपासूनच ठाऊक होता. रानाच्या कडेला मत्तीच्या झाडाखाली चौडी देवीचं ठाणं. पोरगी पावसाळ्यात तिथून ओलीचिंब येताना आपण पाहिली होती, असं तिनं सांगितलं. चौडीला कोंबडा दिला, पुजाऱ्यानं दंडात काळा दोरा बांधला. वरदाला ठाण्यापुढं बसवलं तर ती बसल्या जागी अशी हलत होती की पुजारीच दोन पावलं मागं सरला.

"देवी जोरात आहे," तो म्हणाला.

"मग आणखी एक कोंबडा देऊ," बंगारम्मा म्हणाली.

"कोंबड्यांनी काही होतंय का?" चौडप्पा म्हणाला. देवीचंच नाव लावून हिंडणारा माणूस असं बोलला म्हणून म्हातारी त्याच्याशी आठवडाभर बोलली नाही.

कन्नम्मानं एक गोष्ट पाहिली होती. दुपारी दमून वरदा चटईवर झोपायची तेव्हा सगळं थांबायचं. हात निवांत, पाय निवांत, तोंड दूध पिऊन झोपलेल्या तान्ह्या पोरासारखं. डोळे उघडले की पुन्हा सुरू. लस द्यायला येणारी सिस्टर फाटकाजवळ पाणी प्यायला थांबली तेव्हा कन्नम्मानं तिला हे सांगितलं. "सिस्टर, देवी दुपारची झोपायला जाते का हो?"

सिस्टरनं वरदाकडं नीट पाहिलं. तिला बोट धरायला सांगितलं. म्हणाली, "मला यातलं कळत नाही. पण ही देवी नाही. शिमोग्याला लहान मुलांचे डॉक्टर आहेत, त्यांच्याकडं घेऊन जा. आजउद्याच जा."

शिमोग्याचे डॉक्टर वयस्क होते, धारवाडकडचे, बोलणं मोठ्या आवाजाचं. त्यांनी वरदाला समोर बसवलं. "ये गं ताई. जीभ काढ. आता तशीच बाहेर ठेव." जीभ बाहेर आली आणि सापासारखी आत पळाली. "हात वर कर." हात वर गेले आणि तळवे आपोआप बाहेर वळले. मग डॉक्टरांनी आपली दोन बोटं तिच्या मुठीत दिली. "घट्ट धर. सोडू नको." पोरगी जीव लावून धरत होती, पण मूठ आवळे आणि सैल होई, आवळे आणि सैल होई.

"गाईचं दूध काढतेस का माझ्या बोटातून?" डॉक्टर म्हणाले. बऱ्याच दिवसांनी वरदा हसली.

छातीला नळी लावून ते पुष्कळ वेळ ऐकत राहिले. मग कन्नम्माकडं वळले. "पावसाळ्यात हिचा घसा दुखला होता? ताप?"

"श्रावणात दुखला होता. मिरीचा काढा दिला. बरा झाला."

"घसा बरा झाला, भांडण मिटलं नाही. घशातल्या रोगाशी लढायला अंगातलं सैन्य उठलं. रोग पळाला, पण सैन्याला ओळख पटेना. ते आपल्याच पोरीच्या डोक्यावर चालून गेलं. थोडं काळजालाही ओरबाडलंय. तुमच्या घरी कुत्रा आहे?"

"आहे," चौडप्पा म्हणाला.

"तो घरच्याच माणसांना चावायला लागला तर?"

"बांधून घालू."

"ही गोळी म्हणजे ती साखळी. स्टेरॉइड म्हणतात तिला. बरेच आठवडे द्यायची. पोरगी खाखा करील, चिडेल, तोंड सुजेल. घाबरायचं नाही. आणि मला विचारल्याशिवाय गोळी थांबवायची नाही. शिवाय दर तीन आठवड्यांनी कमरेत एक सुई, पुन्हा घसा धरू नये म्हणून. ती मात्र कित्येक वर्षं."

"कित्येक वर्षं?" कन्नम्मानं विचारलं.

"लग्नाला येईस्तोवर समजा. मला बोलवायला विसरू नका."

घरी आल्यावर पहिल्यांदा काहीच फरक दिसला नाही. उलट हात इतका उडायचा की घास नाकाला, कानाला, शेजारच्याला लागायचा. मग कन्नम्मानंच भरवायला सुरुवात केली. अंगणाच्या फाटकाजवळ दोघी बसायच्या. पाट बाजूला सारून ती हात धुवायची, डब्यातला भात सारात कालवायची आणि पोरीची मान डाव्या हातानं धरून उजव्यानं घास द्यायची. मान धरल्याशिवाय तोंड सापडायचं नाही.

पंधरवडा गेला आणि मान धरावी लागेनाशी झाली. हात अजून उडायचा, पण वाऱ्यानं पान हलावं इतका. आणि भूक लागली. भूक म्हणजे किती? सकाळी तांदळाची रोट्टी, मग गंजी, मग पुन्हा रोट्टी, आणि दहा वाजता पोरगी विचारायची, "अव्वा, जेवायचं कधी?"

सोलणीच्या बायांत गणपी म्हणून एक ठेंगणी, तोंडाळ बाई होती. तिनंच पहिल्यांदा आपला पाट उचलला आणि फाटकाजवळ आणून कन्नम्माशेजारी ठेवला. "तिकडं ऊन लागतं," ती म्हणाली. ऊन इकडंच जास्त होतं. दुसऱ्या दिवशी आणखी दोघी आल्या. चार दिवसांत निम्मी रांग फाटकाशी आणि मालकीणबाईंना चहा तिथं पाठवावा लागू लागला.

"काय गं वरदा, काल किती रोट्ट्या?" गणपी विचारायची.

"मोजल्या नाहीत."

"मोजू नको. तुझा बाप अजून दोन झाडं जास्त चढेल. आ कर."

कुणी भाजलेल्या फणसाच्या आठळ्या आणायची, कुणी फणसाचे पापड, कुणी गुळाचा खडा पदराला बांधून आणायची. पोरगी चिमणीच्या पिलासारखी तोंड उघडून बसलेली आणि काळ्या बोटांचे हात सगळीकडून येणारे. एकदा मालकीणबाईंनी उरलेल्या पुरणपोळ्याही पाठवल्या. सून सुखरूप बाळंत झाली होती. वर झाडाच्या शेंड्यावरून चौडप्पा ओरडायचा, "मलाही ठेवा गं काही!" आणि बाया हसून हसून हातातल्या सुपाऱ्या खाली ठेवायच्या. कन्नम्माला ते अंगण आठवतं ते हेच. थंडीतलं ऊन, सुपारी शिजवायच्या हंड्यांचा तुरट वास, आणि मांडीला टेकलेलं पोरीचं डोकं. दहा वर्षांची झाल्यावर कुठली पोरगी आईच्या मांडीला डोकं टेकते?

पण तोंड सुजत चाललं होतं. गाल भरले, हनुवटी गेली, डोळे बारीक झाले. ओठावर कोवळी लव आली. शाळेतली पोरं रस्त्यात भेटली की "इडली, इडली" म्हणून पळायची. वरदा आरशावर चटई टाकून ठेवायची.

बंगारम्माला ते बघवेना. तिचा नवरा असाच सुजून गेला होता. आधी तोंड, मग पाय, मग पोट. तिनं एकदा कन्नम्माला म्हटलं, "अगं, ही गोळी पोरीला फुगवून मारणार."

"डॉक्टर म्हणाले होते असं होतं म्हणून, अत्ते."

"तुझ्या सासऱ्याचे डॉक्टरही पुष्कळ म्हणाले होते."

सासूला उत्तर देणं कन्नम्माला कधी जमलंच नव्हतं. सकाळी ती वरदाच्या तळहातावर गोळ्या ठेवायची आणि सोलणीला पळायची. हात आता पुष्कळ स्थिर झाला होता. पोरीला घरी आजीजवळ ठेवता येत होतं.

मग एके दिवशी दुपारी म्हातारी धापा टाकत अंगणात आली. पदर खांद्यावरून ओघळलेला. "कन्नू, पोरगी उठत नाही. ओकतेय आणि उठत नाही."

कन्नम्मा सुरी ओलांडून पळाली. वरदा ओसरीवर पडली होती. अंग गार, ओठ पांढरे, आणि जे हात जवळजवळ शांत झाले होते ते पुन्हा चटईवर फडफडत होते. "काय खाल्लं? काय खाल्लं हिनं?"

"काहीच नाही," म्हातारी रडत म्हणाली. "चार दिवस झाले, गोळ्याच खाल्ल्या नाहीत. मीच म्हटलं, टाकून दे. सूज उतरेल म्हटलं."

"अज्जीनं नाही," वरदा डोळे न उघडता म्हणाली. "मीच टाकल्या. न्हाणीत."

निरोप बागेत पोचला तेव्हा चौडप्पा शेंड्यावर होता. तो इतक्या वेगानं खाली आला की छातीचं कातडं सोलवटलं. दुधाची जीप रस्त्यावर थांबवली, कॅन बाजूला सारून पोरीला आडवं घातलं. बंगारम्मा न विचारता जीपमध्ये चढली. तिला उतर म्हणायची कुणाची छाती झाली नाही.

शिमोग्यात सुई दिली, बाटली लावली. डॉक्टर या वेळी गंमत करत नव्हते. कन्नम्मा भिंतीला टेकून उभी होती. बाटलीतलं पाणी थेंब थेंब पोरीत जात होतं. संध्याकाळी ओठांना रंग आला. वरदा म्हणाली, "भूक लागली," तेव्हा बंगारम्मानं खाटेच्या लोखंडी कडेवर कपाळ टेकलं.

डॉक्टरांनी तिघांनाही बाहेर बोलावलं. "गोळी बाहेरून मिळते तेव्हा अंग स्वतःची बनवायचं सोडून देतं. एकदम थांबवली की पोरीजवळ काहीच उरत नाही. जीव जाता जाता राहिला."

"माझ्या हातून झालं, साहेब," बंगारम्मा म्हणाली. "बोला मला."

डॉक्टरांनी तिच्याकडं पाहिलं. "तुम्हाला काय बोलू, अज्जी? सूज मलाही आवडत नाही. आता कमी कमी करत आणू. पण माझ्या हिशेबानं."

चौडप्पा आत गेला आणि लेकीच्या पायाशी बसला. बराच वेळ तिच्या तळव्यावरून अंगठा फिरवत राहिला. मग म्हणाला, "वरदा, मी झाडावर चढतो ते बघितलंयस ना?"

"हो."

"शेंड्यावर काम झालं की मी उडी मारतो का?"

"नाही."

"का नाही? खाली तर यायचंच असतं. घरी तू, अव्वा, गंजी, सगळं खालीच."

"पाय मोडतील."

"मग?"

"उतरता. पायात दोरी घालून."

"हळू उतरतो. एक पकड सुटली की दुसरी धरून. तू आता शेंड्यावर आहेस, बाई. तोंड कसलंही होऊ दे. डॉक्टर उतर म्हणतील तसं उतरायचं. उडी मारायची नाही."

वरदा छताकडं बघत होती. "अप्पा, पोरं इडली म्हणतात."

"म्हणू देत. गावात रोज इडली कुणाच्या घरी असते? आपल्याच."

ती हसली. पलीकडच्या खाटेवरची बाईही हसली. बंगारम्मा मात्र दुसऱ्या दिवशी गावात पोचल्यावर तशीच चौडीच्या ठाण्यावर गेली आणि काय बोलली ते तिनं कुणाला सांगितलं नाही. तेव्हापासून सकाळची गोळी तिच्याच हातानं. पाण्याचा तांब्या घेऊन पोरीसमोर बसायची, "गिळ," म्हणायची, आणि मग "तोंड उघड. जीभ वर कर," म्हणून खात्री करायची.

गोळ्या उतरू लागल्या. आधी एक कमी झाली, मग आणखी एक, मग अर्धी. गाल सावकाश ओसरले. आधी हनुवटी परत आली, मग डोळे. चढणीचा हंगाम संपत आला, बागेत घोस विरळ झाले. वरदा शाळेत गेली. मास्तरांनी तिची पाटी बराच वेळ हातात धरली आणि तिला पहिल्या बाकावर बसवलं. माफी वगैरे मागितली नाही, पण दुसऱ्या दिवशी बागेतले पेरू आणून तिच्या दप्तराजवळ ठेवले.

सोलणीचा शेवटचा दिवस झाला त्या संध्याकाळी सगळे लवकर जेवायला बसले. चौडप्पा नदीवर अंघोळ करून आला होता. म्हातारी चुलीशी होती. कन्नम्मानं रोजच्यासारखं दोघींत एकच ताट घेतलं, भातावर सार ओतलं, कालवलं, बोटांनी गोळा केला आणि हात पुढं केला.

वरदानं तोंड उघडलं नाही. तिनं दोन्ही हातांनी ताट आपल्याकडं ओढलं.

"मी जेवते, अव्वा."

"अगं, कालवलंय मी."

"मी जेवते ना."

तिनं घास घेतला. हात ताटातून उठला, वाटेत कुठंही न थांबता तोंडाशी गेला, आणि परत ताटात आला. दुसरा घास. तिसरा. चौडप्पा बघत होता, म्हातारी बघत होती. बोललं तर हात दचकेल असं वाटत होतं.

मग वरदानंच मान वर केली. "काय बघताय सगळे? जेवा की."

चौडप्पा घाईनं आपल्या ताटावर वाकला. कन्नम्माचा हात मात्र अजून तसाच पुढं होता, काळ्या बोटांत भाताचा घास धरलेला. तो ताटात परत टाकावा की काय, तिला कळेना. इतके महिने तो हात असा पुढं गेला की कुणीतरी त्याची वाट बघत असायचं. तिनं घास स्वतःच्या तोंडात घातला आणि सावकाश चावत राहिली. लेक बरी झाली होती. देवाला याहून वेगळं काही मागितलं नव्हतं. तरी त्या एका घासाला तिला फार वेळ लागला.

"अव्वा," वरदा म्हणाली, "भात वाढ ना अजून."

"वाढते," कन्नम्मा म्हणाली, आणि उठली.